विषय सुचत नाही असे म्हणणाऱ्या चित्रकारांनो, या चुका टाळा

साताऱ्यात रविवारी सकाळी आमचा निसर्गचित्रणाचा गट बसतो. त्यात नव्याने आलेल्या माणसाच्या तोंडी पहिल्या महिना-दोन महिन्यांत एक वाक्य हमखास येते : ‘हात बरा चालतो, पण विषय सुचत नाही.’ जे वर्षभर टिकतात त्यांची तक्रार वेगळी असते : ‘काढतो आहे, पण यातून नेमके काय साधते ते कळत नाही.’ पहिली तक्रार स्फूर्तीची आहे आणि दुसरी अर्थाची. परंतु इतकी वर्षे या दोन्ही तक्रारी ऐकल्यानंतर माझे मत असे झाले आहे की दोहोंचे मूळ एकच आहे. माणूस समोरच्या वस्तूकडे पुरेसा वेळ पाहत नाही आणि जे त्या वस्तूत आहे ते दुसरीकडे कुठेतरी मिळेल या आशेने हिंडत राहतो. पुढे ज्या चुका सांगणार आहे त्या जलरंगात काम करणाऱ्यांच्या संदर्भातल्या आहेत, कारण मला तेच माध्यम नीट ठाऊक आहे. त्यांपैकी काहींविषयी विस्ताराने लिहिले आहे, कारण त्या मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे आणि त्यांच्यामुळे चांगले हात वाया गेलेले मला सहन होत नाहीत.

विषयाच्या शोधात गावोगाव फिरणे

ही माझ्या दृष्टीने सर्वांत महागात पडणारी चूक आहे. वाराणसीचे घाट, हंपीचे दगड, कोकणातली माडांची रांग, नाशिकचा गोदाघाट आणि आमच्या जवळचे वाई-मेणवली ही ठिकाणे पाहिली की आतून काहीतरी उसळून येईल आणि मग चित्र आपोआप होईल, अशी नवख्या चित्रकाराची पक्की समजूत असते. ठिकाणे सुंदर आहेत यात शंका नाही. पण सुंदर ठिकाणी पहिल्यांदा गेलेला माणूस चित्र काढण्याच्या स्थितीत नसतो. तो पाहुणा असतो, आणि पाहुण्याला घरातल्या कोणत्या खिडकीतून किती वाजता ऊन येते हे माहीत नसते.

आमच्या गटात एक गृहस्थ आले होते. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, हातात कौशल्य चांगले, वाचन भरपूर आणि चित्रकलेला उरलेले आयुष्य द्यायचे हा निश्चय मनापासून केलेला. त्यांच्याकडे ठिकाणांची यादी होती आणि बऱ्याच ठिकाणी जाऊनही झाले होते; तरीही त्यांच्या बॅगेतल्या कागदांवर अर्धवट सोडलेल्या वॉशशिवाय (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाच्या थराशिवाय) फारसे काही नव्हते. नोव्हेंबरमध्ये आम्ही मेणवलीला गेलो तेव्हा मी त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष ठेवले. आम्ही पोहोचलो तेव्हा कृष्णेवर धुके होते, घाटाच्या काळ्या पायऱ्यांवर ऊन अगदी तिरपे पडले होते आणि प्रत्येक पायरीची सावली खालच्या पायरीवर स्वच्छ उमटली होती. बाकीचे लोक दहा मिनिटांत जागा धरून बसले. हे गृहस्थ मात्र फोन घेऊन वर-खाली फिरत राहिले. वाड्याच्या बाजूने एक फोटो, मेणेश्वराच्या देवळाच्या बाजूने दुसरा, वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आलेली मोठी घंटा जिथे टांगली आहे तिथून तिसरा, असे करत त्यांनी सबंध परिसर पालथा घातला. ‘अजून तो अँगल मिळत नाही,’ असे ते दर वेळी सांगत होते.

ते बसले तेव्हा दहा वाजून गेले होते. धुके विरले होते, ऊन वर चढले होते आणि पायऱ्यांच्या सावल्या आक्रसून नुसत्या रेघा उरल्या होत्या. ज्या उजेडाने त्यांना मोहात पाडले होते तो निघून गेला होता, म्हणून त्यांनी फोनमधला सकाळचा फोटो उघडला आणि प्रत्यक्ष घाटाकडे पाठ करून त्या फोटोवरून चित्र काढले. चित्रात चूक अशी काही नव्हती. पण ते घाटाचे चित्र नव्हते, दिनदर्शिकेवर छापलेल्या घाटाची ती नक्कल होती, आणि हे त्यांना स्वतःलाही दिसत होते. त्याच सकाळी नववीत शिकणारी एक मुलगी वाड्याच्या भिंतीलगत सावलीत बसून पायरीवर वाळत घातलेले एकच लुगडे रंगवत होती. तिने लुगड्याच्या उन्हातल्या कडेसाठी कागद कोरा सोडला होता आणि ओल्या काठाखालचा दगड कोरड्या दगडापेक्षा गडद असतो एवढे तिला दिसले होते. तिचे रेखाटन कच्चे होते, तरी त्या दिवशीचे सर्वांत खरे चित्र तेच होते असे मी आजही म्हणेन.

त्या गृहस्थांना मी एकच सुचवले : पुढचे दोन महिने साताऱ्याबाहेर पाऊल टाकायचे नाही आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून जे दिसते तेच रोज सकाळी काढायचे. त्या खिडकीतून शेजाऱ्याच्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी, एक शेवग्याचे झाड आणि मधली पत्र्याची शेड एवढेच दिसत होते. त्यांना राग आला. आपण इतके सोडून चित्रकलेकडे आलो ते शेजाऱ्याची टाकी काढायला नव्हे, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले, आणि मध्ये दोन रविवार ते आलेच नाहीत. पुढे जेव्हा आले तेव्हा त्यांनी कागद दाखवले. पहिले काही कागद नुसते उरकलेले होते. त्यानंतर मात्र शेवग्याच्या पानगळीमुळे मागची भिंत हळूहळू उघडी पडत गेलेली दिसत होती, टाकीचा काळा रंग आकाशाकडच्या बाजूने निळसर होत गेला होता आणि पत्र्याच्या पन्हाळींवर सकाळच्या उन्हाची एक आड एक पट्टी आली होती. ते गृहस्थ आजही हौसेने प्रवास करतात आणि त्यांच्या प्रवासातली चित्रे मला अजूनही खिडकीतल्या चित्रांएवढी आवडत नाहीत, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

या बाबतीत ज्यांचे उदाहरण मी नेहमी देते ते कोल्हापूरचे आबालाल रहिमान. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आलेला आणि राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभलेला हा चित्रकार १९३१ साली गेला. कोटितीर्थाच्या काठी राहून त्यांनी ते तळे, रंकाळा, पंचगंगेचा घाट असा कोल्हापूरचाच परिसर पुन्हापुन्हा रंगवला. तळे तेच असे. बदलत असे ते त्यावरचे हवामान, पाण्याची पातळी आणि दिवसाची वेळ. ज्याला दर चित्रासाठी नवे गाव लागते त्याने कोल्हापूरला जाऊन त्या चित्रांपैकी जी पाहायला मिळतील ती शांतपणे पाहावीत.

माझी स्वतःची सवय सांगते. माझ्या मागच्या गॅलरीत लाल कोब्यावर एक पितळी बादली असते आणि हात थंडावला की मी तीच काढायला बसते. पहिल्यांदा पाहताना बादलीची सावली सरसकट करडी वाटते. थोडा वेळ टक लावून पाहिले की सावलीची बादलीजवळची कड गडद आणि बाहेरची कड निळसर, फिकी असल्याचे दिसते. आणखी काही बैठकांनंतर लक्षात येते की बादलीच्या पोटाच्या खालच्या भागावर कोब्याचा लाल रंग उलटून आला आहे आणि त्यामुळे पितळ तिथे पिवळे न राहता जवळजवळ विटकरी झाले आहे. हे दिसले की मग तो लाल कुठे थांबतो याची उत्सुकता लागते, आणि ही उत्सुकता म्हणजेच ज्याला लोक स्फूर्ती म्हणतात ती होय, असे माझे ठाम मत आहे. ती बसण्याआधी येत नाही. बसल्यावर, बऱ्याचदा पहिला कागद वाया गेल्यावर येते. सावलीसाठी डबीतला काळा रंग वापरू नका, अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) कागदावरच मिसळू द्या, म्हणजे सावलीतला उबदार आणि थंड भाग वेगळा ठेवता येतो. काळ्याने हे दोन्ही एकाच वेळी मरतात.

मूड लागण्याची वाट पाहणे आणि त्यासाठी गायतोंड्यांची साक्ष काढणे

अमूर्त चित्रांसाठी प्रसिद्ध असलेले वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रे करत, हे कुठेतरी वाचलेला माणूस गटात आला की मला आधीच कळते की तो काम करणार नाही. ‘आतून आल्याशिवाय ब्रश उचलू नये,’ असे तो सांगतो आणि पुरावा म्हणून गायतोंड्यांचे नाव घेतो. या मंडळींना दोन गोष्टींचा विसर पडतो. पहिली म्हणजे १९४८ साली जे. जे. मधून पदविका घेतलेल्या या चित्रकाराने आकृतिप्रधान चित्रांपासून, लघुचित्रांच्या अभ्यासापासून सुरुवात करून बरीच वर्षे हात तयार केला होता आणि मगच तो थांबण्याचा अधिकार त्यांनी मिळवला. दुसरी म्हणजे त्यांचे थांबणे रिकामे नव्हते. रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचा थर चढवणे, तो खरवडणे, कागद दाबून रंग उचलून घेणे आणि पुन्हा थर देणे अशा कामातून त्यांचा एकेक कॅनव्हास घडत असे. दिवाणखान्यात बसून मूडची वाट पाहणे आणि या पद्धतीने थांबणे यांत काहीही साम्य नाही.

यावर माझा तोडगा साधा आहे. बसण्याची वेळ ठरवावी आणि ती मनःस्थितीवर सोडू नये. पाणी भरून, कागद बोर्डला चिकटपट्टीने लावून, समोरची वस्तू पेन्सिलीने हलकी मांडून होईपर्यंत ‘आज इच्छा आहे की नाही’ हा प्रश्न स्वतःला विचारायचाच नाही. एवढे झाल्यावरही उठावेसे वाटले तर खुशाल उठावे. पण एवढे झाल्यावर उठलेली माणसे मी फार कमी पाहिली आहेत. (दीर्घ आजारपण किंवा घरातले दुःख यांमुळे हात थांबला असेल तर मात्र हा नियम लावू नये. झोप, भूक आणि सगळ्याच गोष्टींतले मन उडाले असेल तर चित्रकलेच्या शिक्षकाकडे न जाता डॉक्टरांकडे जावे.)

आधी अर्थ ठरवून मग चित्र काढणे

महाराष्ट्रातल्या शाळांतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या लाखो लोकांपैकी मीही एक आहे आणि त्या परीक्षांविषयी मला आदर आहे, कारण खेड्यातल्या मुलाच्या हातात पहिल्यांदा रंगाची पेटी त्यांच्यामुळेच येते. परंतु शाळेतल्या चित्रकलेने आणि त्यासोबतच्या घोषवाक्यांच्या स्पर्धांनी आपल्या हाताला दोन सवयी लावल्या, त्या पन्नाशीतही सुटत नाहीत. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, त्यातून निघालेली नदी, काठावर झोपडी आणि आकाशात इंग्रजी व्ही अक्षरासारखे पक्षी ही पहिली सवय. साताऱ्यात राहून, रोज अजिंक्यतारा डोळ्यांसमोर असताना, माणसे कागदावर त्रिकोणी डोंगर काढतात! अजिंक्यताऱ्याचा माथा सपाट आहे, त्याच्या कड्याखाली उतरणीचा एक टप्पा आहे आणि सह्याद्रीतल्या बहुतेक डोंगरांची ठेवण अशीच थरांची आहे, कारण तो बेसाल्टचा दगड लाव्हारसाच्या एकावर एक थरांतून बनलेला आहे. खिडकीबाहेर पाहिले तरी हे दिसते. पण हात डोळ्यांना विचारतच नाही.

दुसरी सवय याहून घातक आहे. चित्रातून संदेश गेला पाहिजे या आग्रहापायी झाडाला डोळे आणि अश्रू काढले जातात, पृथ्वीच्या गोळ्याला पट्टी बांधली जाते, पिंजऱ्यात स्त्री दाखवली जाते. विषय गंभीर असतात आणि काढणाऱ्याची कळकळही खरी असते, हे मला मान्य आहे. तरीही अशी चित्रे एका नजरेत वाचून संपतात, कारण त्यांत पाहण्यासारखे काही उरलेले नसते. जे सांगायचे ते शब्दांत आधीच ठरलेले असते आणि चित्राला फक्त निरोप्याचे काम दिलेले असते.

गटातल्या एका शिक्षिकेला वृक्षतोडीवर चित्र करायचे होते आणि त्यांनी अश्रूंचेच रेखाटन आणले होते. रस्ता रुंदीकरणात तोडलेल्या एका वडाचा बुंधा त्यांच्या शाळेच्या वाटेवर होता. मी त्यांना म्हटले, ‘बाई, तो बुंधाच का काढत नाही?’ त्या काही दिवस शाळा सुटल्यावर तिथे बसल्या. करवतीच्या पात्याचे आडवे चरे, कापलेल्या भागावर सुकून तपकिरी झालेला चीक, सालीच्या कडेने चाललेली मुंग्यांची रांग, आणि बुंध्याच्या एका बाजूने फुटलेले तांबूस कोवळे धुमारे हे सगळे त्यांच्या कागदावर आले. त्या चित्रात एकही अश्रू नव्हता, आणि ते पाहून आमच्यातला एक एरवी बडबडा माणूस बराच वेळ काही बोलला नाही. अर्थ चित्रात आणून ठेवावा लागत नाही. वस्तू प्रामाणिकपणे पाहिली गेली की तो तिच्यासोबत येतो, आणि पुष्कळदा आपण ठरवलेल्या अर्थापेक्षा वेगळा असतो.

विषय मोठा असलाच पाहिजे हा समजही याच चुकीचा भाऊ आहे. चित्रकार प्रभाकर बरव्यांनी घड्याळ, पान, किल्ली अशा रोजच्या वस्तू घेऊन आयुष्यभर काम केले आणि त्या वस्तूंमधल्या रिकाम्या जागेला इतके वजन दिले की आजही त्यांच्या चित्रांसमोरून लवकर हलता येत नाही.

ओले चित्र फोनवरून जगाला दाखवणे

ही चूक नवी आहे आणि हल्ली सर्वांत वेगाने नुकसान करते आहे, म्हणून हिच्याविषयीही सविस्तर लिहिते.

आमच्याकडे पंचविशीतली एक मुलगी येत असे. तिची नजर विलक्षण होती. भाजी मंडईत गोणपाटावर बसलेल्या बायका ती कोळशाने काढायची. चेहऱ्यांत तपशील जवळजवळ नसायचा, पण तराजू धरलेल्या हाताचा कोपर, मान वळवून गिऱ्हाइकाकडे पाहण्याची तऱ्हा, उठताना गुडघ्यावर टेकलेला पंजा यांतून बाई कोण आहे ते कळायचे. ती रेखाटने तिने इन्स्टाग्रामवर टाकली तेव्हा ओळखीच्या काही जणांनी पाहिली आणि तेवढ्यावर विषय थांबला. पुढे एकदा सहज म्हणून तिने पॅलेट नाइफने केशरी-जांभळा सूर्यास्त काढला, त्याचा काही सेकंदांचा व्हिडिओ केला आणि तो अनोळखी माणसांपर्यंत पोहोचला. त्यानंतर तिने आणखी एक सूर्यास्त काढला, मग पाण्यातल्या प्रतिबिंबासह काढला, मग होडीसह काढला. मंडईत जाणे बंद झाले, कारण मंडईतल्या रेखाटनाला तीन-चार तास लागत आणि त्यावर कोणी काही बोलत नसे. वर्षभराने ती मला भेटली तेव्हा म्हणाली, ‘ताई, रोज काढते, पण आता कशासाठी काढते ते कळत नाही.’ तिचा हात पूर्वीपेक्षा सफाईदार झाला होता. हरवले होते ते एवढेच की चित्र करताना ती आता वस्तूकडे न पाहता पाहणाऱ्यांकडे पाहत होती.

या मुलीला मी दोष देत नाही. विशीतल्या माणसाला कौतुक हवे असते आणि ते स्वाभाविकच आहे. माझा राग आहे तो या झटपट प्रतिसादाला मोजमाप मानण्याच्या सवयीवर. जलरंगातले चित्र ओले असताना जसे दिसते तसे वाळल्यावर दिसत नाही. रंग फिका पडतो, कडा बदलतात, जी जागा चुकली असे वाटले होते तीच कधीकधी चित्राला सावरते. चित्राला स्वतःचे रूप येण्याआधीच त्यावर दहा जणांचे मत आले, की आपले मत तयार होण्याची जागाच उरत नाही.

मी काय करते ते सांगते. ज्याला पटेल त्याने करावे. झालेले चित्र वाळले की मी ते भिंतीकडे तोंड करून ठेवते आणि पुढच्या रविवारपर्यंत उलटत नाही. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख, वेळ आणि ‘मला काय पाहायचे होते’ याचे एक वाक्य लिहिते, उदाहरणार्थ ‘माहुलीच्या घाटावरच्या ओल्या पायरीचा हिरवेपणा’. आठवड्याने चित्र सरळ केले की आधी ते वाक्य वाचते आणि मग चित्र पाहते. वाक्यातली गोष्ट चित्रात असेल तर बाकी कितीही बिघडले असले तरी मी ते चित्र जपते. त्यानंतर एकाच माणसाला दाखवते, जो मला बरे वाटावे म्हणून बोलत नाही. फोनवर टाकायचे असेल तर या सगळ्यानंतर खुशाल टाकावे. त्या मुलीला मी हाच क्रम सांगितला आणि मंडईतली जुनी वही पुन्हा उघडायला लावली. ती वही चालू झाली आहे, सूर्यास्तही अधूनमधून चालू आहेत.

इतर काही चुका, थोडक्यात

महागडा कागद घेऊन तो कपाटात जपून ठेवणे. शंभर टक्के कॉटनचा तीनशे जीएसएमचा, म्हणजे जाड कागद उत्तमच असतो, पण तो बिघडेल या धास्तीने हात आखडणार असेल तर त्याचे चार तुकडे करून लहान चित्रे काढा. अगदी पातळ कार्ट्रिज कागदावर मात्र ओला वॉश देऊ नका. तो फुगतो, रंग खड्ड्यांत साचतो आणि माणसाला वाटते की आपल्यालाच जमत नाही.

रंगांची भरमसाट खरेदी. सहा नळ्या पुरतात. तयार सॅप ग्रीन तर पहिले वर्षभर घेऊच नये, कारण ज्येष्ठातला, श्रावणातला आणि कार्तिकातला हिरवा हे तीन वेगळे हिरवे आहेत आणि ते मिसळतानाच कळतात.

पाच मिनिटांत निसर्गचित्र शिकवणारे व्हिडिओ पाहत बसणे. मीठ टाकून पोत आणणे, प्लास्टिक दाबून खडक करणे या युक्त्या एका दुपारी शिकता येतात आणि त्यानंतर प्रत्येक चित्रात तोच खडक येतो. ज्याला घाई आहे त्याने दुसरा छंद निवडावा असे मी तोंडावर सांगते आणि त्यामुळे काही जण परत येत नाहीत.

इंटरनेटवरच्या फोटोवरून किंवा आता एआयने बनवलेल्या दृश्यावरून चित्र काढणे. त्यात काय निवडायचे हे आधीच दुसऱ्याने ठरवलेले असते, आणि चित्रकाराचे निम्मे काम त्या निवडीतच असते.

पहिल्या दोन वर्षांत ‘माझी शैली’ शोधणे. हस्ताक्षर जसे लिहून लिहून येते तशी ती येते. ठरवून काढलेली शैली उसनी असते.

उत्साहाच्या भरात नोकरी सोडणे. याविषयी तरुणांशी माझे वाद होतात. नोकरीमुळे सर्जन मरते हे मला मान्य नाही; बरव्यांनी १९६१ पासून दोन दशके विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, त्यातली काही वर्षे वाराणसीत, आणि त्याच काळात त्यांचे चित्र घडत गेले. घराचा हप्ता फेडण्याचे ओझे चित्रावर टाकले की ते विकाऊ होण्याची शक्यता वाढते. ज्यांना चित्रांवरच पोट चालवायचे आहे त्यांनी ते जरूर करावे, मात्र त्याआधी आपली चित्रे कोण, कुठे, किती किमतीला घेतो हे वर्षभर तपासून मग पाऊल उचलावे.

मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शन हेच ध्येय धरणे. त्या दालनासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि तोवर गावातल्या वाचनालयाच्या सभागृहात चार दिवस चित्रे लावली तर तुमच्या वाटेवरची माणसे ती पाहतील व थेट बोलतील.

बिघडलेली चित्रे फाडून टाकणे

ही शेवटची चूक वर सांगितलेल्या दुसऱ्या तक्रारीशी, म्हणजे ‘यातून काय साधते’ या प्रश्नाशी, थेट जोडलेली आहे. माणसे फक्त जमलेली चित्रे ठेवतात. पण जमलेली चित्रे पुष्कळदा इतरांच्या चित्रांसारखी असल्यामुळेच जमलेली वाटतात. आपले स्वतःचे जे काही असते ते बऱ्याचदा फसलेल्या कागदांत असते, कारण तिथे आपण अजून न येणारी गोष्ट करू पाहत होतो. म्हणून एकही कागद टाकू नका. पाठीवर तारीख घालून सगळे एका फाइलमध्ये ठेवा, पावसाळ्यात ती फाइल भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर आडवी ठेवा, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की कडुलिंबाची वाळलेली पाने बदलून कसर लागली आहे का ते पाहा.

वर्षातून एकदा, मी तरी हे संक्रांतीच्या आसपास करते, सगळे कागद तारखेनुसार जमिनीवर मांडावेत आणि चांगले-वाईट न ठरवता एवढेच पाहावे की कोणती गोष्ट न ठरवता पुन्हापुन्हा आली आहे. एका गृहिणीच्या कागदांत देऊळ असो, बाजार असो की शेत, दर चौथ्या-पाचव्या चित्राच्या कोपऱ्यात ओझे खाली ठेवून क्षणभर थांबलेले कोणीतरी होते. डोक्यावरची पाटी उतरवणारी बाई, सायकल टेकवून उभा असलेला दूधवाला, एस. टी. स्टँडवर बोचक्यावर बसलेला म्हातारा. त्यांच्या ते कधीच लक्षात आले नव्हते आणि त्या अजून विषय शोधतच होत्या. आता त्या फक्त स्टँडवर बसतात, आणि त्यांना विषय पुरत नाही असे त्यांनी त्यानंतर एकदाही म्हटलेले नाही. तुमच्या कागदांतही असे काही असेल. ते सापडले की पुढच्या रविवारी दुसरे काही न घेता तेच काढायला बसा, आणि निदान पुढचा पावसाळा संपेपर्यंत तेच काढत राहा.